राज्य कोणावर?

एका जंगलात कोणालाच कंटाळा येत नसे, कारण कंटाळा यायच्या आत काहीतरी नवीन विकायला येई. हे जंगल नेमकं कुठे आहे, ते विचारू नका. मागच्या रांगेतल्या त्या मुलाने फोन खिशात ठेवला की सुरुवात करतो. ठेवलास? शहाणा आहेस.

तर या जंगलात प्रत्येकाच्या बिळात, ढोलीत, गुहेत एकेक कॉम्प्युटर होता. आणि प्रत्येक कॉम्प्युटरला एक काजवापेटी जोडलेली होती. शहरात ज्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, तीच ही. पेटीतले काजवे लुकलुकले की पडद्यावर चित्र उमटे. काजवे जितके जास्त, तितकं चित्र झकास. काजवे दमले की मधली काही चित्रं अंदाजाने दाखवून वेळ मारून नेत. त्यालाही एक भारदस्त नाव होतं आणि त्याची वेगळी जाहिरात होती.

पेट्या बनवणारे दोघेच. एक उदाजीशेठ उदमांजर, दुसरे खवलोजीराव खवले मांजर. दोघांच्याही नावात मांजर, आणि दोघांपैकी एकही मांजर नव्हे. त्यामुळे वस्तूचा आणि तिच्या नावाचा काही संबंध असावा लागतो, असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

दोघांचे काजवे एकाच ओढ्याकाठून येत. ते पकडून आणणारं वटवाघूळही एकच. पण पाणवठ्यावर हे बोलायची सोय नव्हती.

"उदाजीची पेटी फार तापते," एक जण म्हणे.

"खवलोजीच्या पेटीत वाघाचे पट्टे पुसट दिसतात," दुसरा म्हणे.

वाघ शेजारीच पाणी पीत असे. त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नसे.

ओढ्यापलीकडे एक बाभूळ होती. तिच्या बुंध्याशी साळूबाई राहायची. साळूबाई म्हणजे साळिंदर. पाठीवर हे एवढाले काटे. स्वभावाने म्हणाल तर लोण्याहून मऊ, पण स्वभावाला हात लावून कोण बघतो?

आता तुम्हाला लपंडाव माहीत आहे का? हात वर करा. तिघंच? वाटलंच मला. मग ऐका. ज्याच्यावर राज्य येतं, तो झाडाकडे तोंड करून शंभर आकडे मोजतो. बाकीचे लपतात. मग तो शोधायला निघतो. जो पहिला सापडेल, त्याच्यावर पुढचं राज्य. पण लपलेल्यांपैकी कोणी गुपचूप मागून येऊन राज्यवाल्याच्या पाठीत धप्पा घातला, तर त्या बिचाऱ्यावर पुन्हा राज्य. थोडक्यात, या खेळात राज्य कोणालाच नको असतं. खेळाबाहेर मात्र सगळ्यांनाच हवं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

साळू लहान असताना जंगलातली सगळी पिल्लं लपंडाव खेळत. साळूही जाई. पण साळूच्या पाठीत धप्पा घालणार कोण? म्हणून पिल्लांनी युक्ती काढली. "साळू, तू कच्चं लिंबू!"

कच्चं लिंबू म्हणजे खेळात असून नसलेलं. त्याच्यावर राज्य येत नाही. साळू लपून बसे आणि तिला शोधायला कोणी येतच नसे. दिवेलागणीला ती आपली आपण झुडपातून बाहेर येई आणि घरी जाई. असं तिचं अख्खं बालपण गेलं. यात हसण्यासारखं काही नाही. मला तर सांगतानासुद्धा वाईट वाटतं.

साळू मोठी झाली, तिची पिल्लंही मोठी होऊन दूर गेली. पण एक इच्छा तेवढी राहिली. एकदा आपल्यावर राज्य यावं. एकदा कोणीतरी आपल्या पाठीत धप्पा घालावा.

त्याच बाभळीवर विणूभाऊ राहायचा. तो सुगरण पक्षी. नाव बाईचं, पण घरटी विणतात ते बाप्ये. अर्धं घरटं विणायचं, ते बायकोला पसंत पडलं नाही की तसंच लटकत ठेवून दुसरं सुरू करायचं, ही त्याच्या कुळाची रीत. असा माणूस कॉम्प्युटर गेम बनवायला किती लायक, हे मी सांगायला नको.

एके दिवशी विणूने वरून खाली बघितलं. साळू एकटीच बाभळीकडे तोंड करून आकडे मोजत होती. शंभर झाले. ती वळली. मागे कोणीच नव्हतं. विणू फांदीवरून खाली वाकला.

"साळूताई," तो म्हणाला, "मी लपंडावचा गेम बनवतो. सगळं जंगल त्यात खेळेल. आणि त्यात सगळ्यांच्या पाठी गुळगुळीत असतील."

"माझी पण?"

"तुझी सगळ्यात आधी. पहिला धप्पा तुलाच. शब्द देतो."

साळूने तीन पावसाळे कंदमुळं विकून एक काजवापेटी घेतली. खवलोजीरावांची. उदाजीची परवडली नाही म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. मग ती रोज संध्याकाळी बाभळीच्या बुंध्यावर नख आपटून विचारायची, "झाला का रे?" आणि वरून आवाज यायचा, "होतोय, होतोय!"

तीन वर्षं तो होतच होता.

मग एके सकाळी उदाजीशेठ बाभळीखाली आले. बरोबर काजव्यांची सात मडकी होती.

"विणूभाऊ, तुमचं हे घरटं काही पुरं होत नाही. ही मडकी घ्या, चार भाऊबंद मदतीला घ्या, पावसाआधी गेम बाहेर काढा. फक्त एक अट. खेळ चालेल तो आमच्याच पेटीत."

"पण साळूताईकडे खवलोजींची पेटी आहे."

"मग आमची घेऊ दे की."

"त्यांच्या पेटीत चालत नाही का खेळ?"

"चालतो ना! म्हणून तर चालू द्यायचा नाही."

विणूने मान खाजवली. मडक्यांकडे बघितलं. तीन वर्षांत बायकोने चार घरटी नापसंत केली होती. त्याने सही केली. सही करताना त्याने खाली बुंध्याकडे बघितलं नाही, इतकं तरी त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

दुसऱ्या दिवशी झाडाझाडावर फलक लागले. "लपंडाव! फक्त उदाजींच्या पेटीत! आमच्या पेटीवाल्यावर कधीच राज्य येणार नाही!"

विणू धावत शेठकडे गेला. "शेठ, सगळेच लपले तर शोधणार कोण?"

"ते नंतर बघू. आधी विकू."

ज्यांच्याकडे उदाजींची पेटी होती, ते आनंदाने वेडे झाले. खेळ आपल्याला मिळणार याचा आनंद होताच. पण दुसऱ्यांना मिळणार नाही, हा आनंद काही औरच होता. भेकरांनी आपल्या पेट्या पाणवठ्यावर आणून उगीचच पुसायला सुरुवात केली.

खवलोजीरावांनी उंच दगडावर चढून भाषण केलं. "खेळ हा ओढ्याच्या पाण्यासारखा आहे! त्याला कुंपण घालणारा जंगलाचा शत्रू आहे!" लोकांनी शेपट्या आपटून दाद दिली. चौथ्या दिवशी समजलं की विटीदांडूचा गेम खवलोजीरावांनी फक्त आपल्या पेटीपुरता घेऊन ठेवला आहे. लोकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी पाण्याबद्दल बोललो होतो. विटीदांडू कोरड्यावर खेळतात."

साळूला यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की फलकावर आपल्या पेटीचं नाव नाही. तिने वर बघून हाक मारली, "विणू, अरे, मी पुन्हा कच्चं लिंबूच का रे?"

विणू घरात होता, पण दारात आला नाही.

मग साळू उठली आणि थेट सिंहमहाराजांच्या दरबारात गेली.

महाराज झोपले होते. पेट्या बनवणारे दोघंही वर्दी मिळाल्यासारखे आधीच हजर होते. साळूने आपलं म्हणणं मांडलं. "महाराज, खेळ चालत असून चालू देत नाहीत. असं कुठं असतंय का?"

उदाजीशेठ पुढे सरसावले. "महाराज, मडकी आम्ही दिली. नाहीतर हा खेळ अजून फांदीला अर्धाच लोंबकळत असता. ज्याने पुरा करून दिला, त्याने दार लावलं तर बिघडलं कुठे?"

हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं बरं का.

खवलोजीराव म्हणाले, "आमच्या पेटीवाल्यांनी काय घोडं मारलंय?" घोड्यांनी दरबारात हरकत नोंदवली, त्यात बराच वेळ गेला.

त्या गोंधळाने महाराजांना जाग आली. त्यांनी जांभई देऊन विचारलं, "काय भानगड आहे?"

उदाजीशेठ लवून म्हणाले, "काही नाही, महाराज. एक साधा खेळ आहे. त्यात आमच्या पेटीवाल्यांवर राज्य नसतं, इतकंच."

महाराज ताडकन उठून बसले. "काय म्हणालास? तुझ्या पेटीवाल्यांवर राज्य नसतं?"

मुलांनो, इथे एक गोष्ट सांगायला हवी. महाराज लहानपणी कधी लपंडाव खेळले नव्हते. राजाच्या पिल्लाला कोण खेळायला घेतो? राज्य म्हणजे काय, हे त्यांना एकाच अर्थाने माहीत होतं.

"या जंगलात मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांवर राज्य माझं आहे!" महाराज गरजले. "खेळात असो नाहीतर खेळाबाहेर!"

उदाजीशेठच्या मिशा हळूच हलल्या. अगदी अदबीने त्यांनी विचारलं, "म्हणजे खेळात राज्य महाराजांवर, असं लिहून घेऊ?"

"माझ्यावर नाही तर काय तुझ्यावर? आणि कायमचं लिही! कोणी काहीही केलं तरी माझं राज्य दुसऱ्याकडे जाता कामा नये!"

एका कोल्ह्याला खोकला आला. दोन माकडं एकमेकांकडे न बघायचा प्रयत्न करत होती. महाराजांना खरं सांगायचं कोणी? कोणीच नाही. साळू सांगायला निघाली होती, पण तिला "कच्च्या लिंबाने दरबारात बोलू नये" म्हणून बाहेर काढण्यात आलं.

पावसाआधी खेळ सुरू झाला. महाराजांना हजार काजव्यांची खास पेटी नजर करण्यात आली. पडद्यावर महाराज एका झाडाकडे तोंड करून उभे राहिले. झाडाच्या सालीवरच्या मुंगीची मिशीसुद्धा स्पष्ट दिसत होती. महाराजांनी शंभर आकडे मोजले आणि वळले. समोर कोणी नाही.

आता कोणीही शोधायला निघालं असतं. पण राजा काय कोणाला शोधायला जातो? लोकच त्याच्याकडे येतात. महाराज आयाळ नीट करून उभे राहिले आणि लोक येण्याची वाट बघू लागले.

लोक लपून बसले होते. भेकरं झुडपात, माकडं पानांत, रानडुकरं खड्ड्यात. धप्पा घालावा तर समोर सिंह. त्यामुळे कोणी हलेना. सापडत नाही म्हणून हरत नाही, आणि हरत नाही म्हणून उठवत नाही. एक दिवस गेला, दोन गेले. प्रत्येक जण आपल्या बिळात बसून पडद्यावरच्या झुडपातला अंधार बघत होता.

पण काय अंधार होता, मुलांनो! उदाजींच्या पेटीत काळ्याच्या सात छटा दिसत. "झुडपाच्या आतला काळोख इतका जिवंत यापूर्वी कधीच पाहिला नव्हता," असं एका रानडुकराने सगळ्यांना कळवलं आणि खेळाला पाचपैकी पाच चांदण्या दिल्या. खवलोजीच्या पेटीवाले आपापल्या बिळात दार लावून जळत होते. आपल्या नशिबी साधाच अंधार, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी महाराजांची सहनशक्ती संपली. पडद्यावर कोणी नाही, दरबारात कोणी नाही, पाणवठ्यावर कोणी नाही. ते गुहेतून बाहेर पडले आणि प्रजेला हाका मारत ओढ्यापलीकडे आले. तिथे बाभळीखाली साळूबाई बसली होती.

"सगळे गेले कुठे?" महाराजांनी विचारलं.

"लपलेत, महाराज."

"कोणाला भिऊन?"

"तुम्हालाच की. राज्य तुमच्यावर आहे न्हवं?"

"राज्य माझ्यावर आहे म्हणून प्रजा लपून बसेल?"

मग साळूने त्यांना शेजारी बसवलं आणि सगळा खेळ समजावून सांगितला. राज्य म्हणजे काय, ते कोणावर येतं, ते कोणालाच का नको असतं. महाराजांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे तीन दिवस मी..."

"व्हय."

"आणि हे सगळ्यांना माहीत होतं?"

"दुधपित्या पिल्लांना पण."

महाराज बराच वेळ गवत उपटत बसले. मग हळूच म्हणाले, "हे राज्य उतरतं कसं?"

"जो पहिला सापडेल, त्याच्यावर जातंय."

महाराजांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग साळूकडे बघितलं.

"तू सापडलीस."

"मी कुठली, महाराज? मी खेळातच न्हाई. माझी पेटी वेगळी. मी कच्चं लिंबू."

"मला तू दिसलीस. तीन दिवसांत तू एकटीच दिसलीस. राज्य तुझ्यावर!"

हे शब्द ऐकायला साळूने जन्म काढला होता. तिचे डोळे भरून आले. ती उठली, बाभळीकडे तोंड करून उभी राहिली आणि मोजायला लागली. एक. दोन. तीन. अगदी सावकाश, लवकर संपायला नको म्हणून.

जंगलचा राजा एका करवंदीच्या जाळीमागे लपला. शेपटी बाहेर राहिली होती, पण पहिल्यांदाच खेळत होता, म्हणून आपण काही बोलायला नको.

शंभर झाले. साळू वळली आणि शोधायला निघाली. शेपटी तिला दिसली की नाही, हे तिने कधीच सांगितलं नाही. ती भलत्याच दिशेने गेली आणि एका दगडाच्या मागे वाकून बघत राहिली. तिने काटे जमतील तितके मिटून घेतले होते.

महाराज चोरपावलांनी मागून आले. पंजा उचलला. मग समोरची पाठ नीट दिसली आणि पंजा तसाच वर राहिला. राजाला भीती वाटली, मुलांनो. साळूच्या लहानपणी पिल्लं का थांबत होती, हे त्याला समजलं. पण खाली ती पाठ इतकी वाट बघत होती की त्याने डोळे घट्ट मिटले.

"धप्पा!"

आणि लगेच जी डरकाळी फुटली, ती सात डोंगरांपलीकडे ऐकू गेली.

झाडून सारं जंगल बाहेर आलं. तीन दिवस काळोखात बसल्यामुळे सगळे डोळे चोळत होते. बघतात तो काय, महाराज एका पायावर नाचत आहेत, पंजात अकरा काटे रुतलेत आणि साळूबाई हसते आहे. हसता हसता रडते आहे.

विणू बाभळीवरून खाली उतरला आणि चोचीने काटे उपटू लागला. "साळूताई, पहिला धप्पा मी देणार होतो. चुकलो."

"चुकलास," साळू म्हणाली. "आता त्यो पंजा तरी अर्धवट सोडू नगंस."

उदाजीशेठ गर्दीतून पुढे आले. "एक मिनिट. हा धप्पा कोणाच्या पेटीत झाला?"

"पेटीत नाही झाला," महाराज कण्हत म्हणाले. "पाठीत झाला."

उदाजीशेठ आणि खवलोजीराव यांनी एकमेकांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. "महाराज, पेटीशिवाय खेळणं बेकायदा ठरवा! नाहीतर आम्ही दोघंही बुडू!"

"मला काय विचारता?" महाराज म्हणाले. "धप्पा बसला म्हणजे राज्य पुन्हा साळूवर. नियम म्हणजे नियम. राज्य जिच्यावर, हुकूम तिचा."

सगळं जंगल साळूकडे वळलं. साळूने थोडा विचार केला. "लपंडाव समद्या पेट्यांत चालू द्या. विटीदांडू पण. कुणी कच्चं लिंबू न्हाई."

जयजयकार झाला. त्याच संध्याकाळी दोन्ही खेळ सगळ्या पेट्यांत सुरू झाले.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते कोणी खेळेना. खवलोजीच्या पेटीवाल्यांनी झुडपातला काळोख बघितला आणि म्हणाले, "एवढंच होय?" उदाजीच्या पेटीवाले म्हणाले, "आता काय, कोणीही खेळतं." सगळे परत पाणवठ्यावर जमले आणि काळ्याच्या छटा सात की आठ यावर कडाकडा भांडू लागले. कोणीही दुःखी नव्हतं.

बाभळीखाली मात्र रोज संध्याकाळी दोघं खेळत. महाराज पंजाला केळीच्या खोडावरच्या सोपटाची जाड गुंडाळी बांधून येत. कधी कधी विणूही येई, अर्धं घरटं तसंच टाकून.

काही दिवसांनी उदाजीशेठ तिथे आले. बरोबर पुन्हा सात मडकी होती.

"साळूबाई, नवी पेटी काढतोय. आत खरे काटे बसवणार. 'अस्सल धप्पा, फक्त आमच्याकडे!' तेवढे तुमचे काटे आम्हाला द्या. पण अट एकच, खवलोजीला एकही द्यायचा नाही."

साळूने त्यांच्याकडे बघितलं, मडक्यांकडे बघितलं. मग वळून बाभळीकडे तोंड केलं आणि पाठ पुढे केली.

"घ्या की, शेठ. पाहिजेत तेवढे घ्या. पण धप्पा घालून घ्या."

शेठ पंजा उचलून उभे राहिले. अजून तसेच उभे आहेत, असं म्हणतात.

तात्पर्य : खेळ सगळ्यांनी विकत घ्यावा असं वाटत असेल, तर आधी तो कोणाला तरी खेळू देऊ नये. नुसताच खेळायचा असेल, तर एक झाड आणि एक पाठ पुरते. पण तेवढ्यासाठी फलक कोण लावणार?